नुसती बघणारी

मनीषा,

तुझ्या तेराव्याला मांडव पुरला नाही. शहापूरचे व्यापारी आले, मुरबाडच्या फीड मिलमधली सगळी माणसं आली, वरच्या पाड्यांवरून आपल्या शेडवर कामाला येणाऱ्या बाया पोरं काखेला मारून चालत आल्या. ठाण्याचे देसाईसुद्धा आले, ते सिस्टिमवाले. मी पंगतीत वरण वाढत होते, आणि वाढता वाढता मनात आलं, माझ्या तेराव्याला एवढी माणसं काही येणार नाहीत. वाटीवर पळी तशीच राहिली. समोरचा म्हातारा म्हणाला, "वाढ गो बाय, रडू नको आता." त्याला वाटलं मी रडतेय.

रडतही होते म्हणा. दोन्ही एकदम चालू होतं. तुझ्या बाबतीत माझं नेहमी असंच झालं.

त्या दिवशी जो तो मला बाजूला घेऊन तुझ्याबद्दल सांगत होता. मनीषाताई होत्या म्हणून धंदा राहिला, मनीषाताई होत्या म्हणून आमचे पगार वेळेवर, मनीषाताई कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. मी मान हलवत ऐकत होते, जशी काही मी तुला ओळखतच नव्हते. मी तुझी थोरली जाऊ. एका चुलीवर आपण दोघींनी भात शिजवला. तुझ्या बाळंतपणात तुझं अंग मी चोळलं. आणि मला तू कशी होतीस ते शहापूरचा अंड्यांचा व्यापारी सांगतो! मनात म्हटलं, गप बस मेल्या.

महिना होत आला आता. घरात कोणी नसताना तुझ्याशी बोलते, तसंच हे लिहितेय. चांगलंच लिहीन असं नाही.

तू या घरात आलीस तेव्हा आपला धंदा म्हणजे भाताच्या खाचरात उभारलेले दोन शेड. नव्वद सालच्या मागेपुढे आप्पांनी, आपल्या सासऱ्यांनी, कोंबड्या आणल्या तेव्हा टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत लोक हसले होते. शेतकरी माणूस कोंबड्यांची विष्ठा उपसणार म्हणून. ह्यांचं लक्ष बाहेरच्या कामात, तुझा नवरा तेव्हा कॉलेजात. म्हणून पिल्लांची देखभाल आणि दाण्याची कोठी माझ्याकडे आली. मी नवी सून, पदर खोचला आणि लागले कामाला. हळूहळू असं झालं की शेडवरचा माणूस असो की टेम्पोवाला, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा. "वयनी, मका किती राह्यला?" "वयनी, पुढची पिल्लं कवा घ्यायची?" मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता सांगायची. ते दरवेळी बरोबर असायचं असं नाही. अंदाज चुकायचा, टेम्पोची फेरी फुकट जायची. पण विचारायला सगळे माझ्याकडेच यायचे. आप्पासुद्धा. "थोरलीला इचारा," हे आप्पांचं वाक्य मला दागिन्यासारखं होतं.

मग तू आलीस. शहापूरची, बी.कॉम. झालेली, आसनगावच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी केलेली. तुझ्या मामाने हे लग्नात इतक्या वेळा सांगितलं की मी तेव्हाच ठरवलं, हिच्याशी कामापुरतं बोलायचं.

जमलं नाही ते. आठवतं ना, मागच्या पडवीत आपण दोघी वाल सोलत बसलो होतो, आणि पिल्लांच्या कंपनीचा तो एजंट आप्पांशी बोलून नुकताच गेला होता. तू उठलीस, पदर मागून खोचलास आणि त्या एजंटसारखी मान पुढेमागे करत अंगणात चाललीस. अगदी कोंबडा. मी इतकी हसले की मांडीवरचे वाल सगळे खाली. त्यानंतर रोज दुपारी मी तुझी वाट बघायला लागले. लग्न होऊन इतकी वर्षं या घरात होते, पण मैत्रीण अशी मला तूच पहिली. आलीस तेव्हा तू मला "तुमी" म्हणायचीस, पावसाळा संपायच्या आत मी "तू" झाले. "ताई गो, तू हे खाल्लंस का? ताई गो, तू इकडं ये."

सुखाचे दिवस होते ते. मी ते कोणाला बोलून दाखवले नाहीत, तुलाही नाही.

धंदा वाढला तो तू आल्यावर. मुरबाडला स्वतःची फीड मिल झाली, शहापूरला विक्रीचं ऑफिस झालं, आणि टोकावड्याच्या आजूबाजूला शेडच शेड. तीन ठिकाणी तीन माणसं, आणि कोणाचा कोणाला पत्ता नाही. मुरबाडला मका पडून असायचा आणि शहापूरहून आणखी मक्याची ऑर्डर गेलेली असायची. एकदा तर शेडमधले मोठे पक्षी उचलले गेले नव्हते आणि नवी पिल्लं दारात येऊन उभी राहिली. शेड रिकामा आहे असं मीच सांगितलं होतं. खोकेच्या खोके आपल्या पडवीत ठेवले, वर बल्ब लावले, आणि दोन दिवस घरात नुसता चिवचिवाट. तू आणि मी आलटून पालटून त्यांना पाणी पाजत होतो. कोणी मला शब्दाने बोललं नाही. आप्पा फक्त एवढंच म्हणाले, "आता हे येका डोक्यात मावत नाय."

एका डोक्यात म्हणजे माझ्या डोक्यात. आणि तू, पिल्लाची चोच वाटीत बुडवता बुडवता, सहज म्हणालीस, "आप्पा, आमच्या कंपनीत येक सिस्टिम होती. खरेदी, साठा, विक्री, हिशेब, सगळं येकाच जागी. मुरबाडला माल उतरला की शहापूरला बसून दिसल."

आप्पांनी मान वर करून तुझ्याकडे बघितलं. तसं ते माझ्याकडे बघायचे. माझं जळणं तिथून सुरू झालं, मनीषा. उगीच लपवून काय करू.

ठाण्याचे देसाई आले. त्यांनी त्याला ईआरपी म्हटलं. आप्पांच्या तोंडात ते शिष्टीम झालं, आणि मला तेच नाव पटलं. शिष्टच होती ती. देसाई महिनाभर येत होते. मका उतरला की पुढे काय होतं, कोण मोजतं, कोण सही करतं, पिल्लू मेलं तर कोण कोणाला सांगतं, असं एकेक विचारायचे आणि कागदावर चौकटी काढून बाणांनी जोडायचे. जिथे तिथे माणसं सांगायची, "ते वयनींना म्हायत." त्या कागदावर मधोमध एक चौकट झाली आणि सगळे बाण तिच्याकडे आले. ती चौकट म्हणजे मी. त्या दिवशी देसाईंना मी आग्रह करकरून रस्सा आणि तांदळाची भाकरी वाढली. मला वाटलं, हा माणूस माझं मोठेपण लिहून नेतोय. त्याच्या लेखी तो रोग होता आणि तो त्याच्यावर औषध शोधत होता, हे मला कुठे ठाऊक?

मग तो दिवस. मुरबाडच्या ऑफिसात तू आणि देसाई कॉम्प्युटरसमोर बसला होतात. कोणाला काय काय करता येईल ते त्यात भरायचं चाललं होतं. कोण खरेदी टाकणार, कोण मंजूर करणार, कोण साठा हलवणार. मी चहाचा ट्रे घेऊन तुमच्या मागे उभी होते. तुला माहीत नव्हतं. माझं नाव आलं तेव्हा देसाईंनी विचारलं, "या काय करणार?"

तू मानही न वळवता म्हणालीस, "त्या नुसतं बघणार."

त्या! आदराने बोललीस आणि आदरानेच मला बाहेर काढलंस. देसाईंनी काहीतरी दाबलं. मी ट्रे टेबलावर ठेवला, तू म्हणालीस, "अगो ताई, तू कवा आलीस?" आणि मी म्हणाले, "आत्ताच."

तेव्हाच विचारायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण मी थोरली, मी कशी विचारू? त्याऐवजी मी ते वाक्य उचललं आणि वर्षानुवर्षं तुला चिमटे काढायला वापरलं. गणपतीत गूळ किती आणायचा असं तू विचारलंस की मी म्हणायची, "मला काय इचारतेस, मी नुसती बघणारी." पाहुणे आले, पोरांचं कोणाचं लग्न ठरलं, काहीही असो. "मी बाई नुसती बघणारी." तू खाली मान घालायचीस. तुला कळत होतं. तूही विचारलं नाहीस की ताई, तू हे सारखं का म्हणतेस.

सिस्टिम चालू करायचा मुहूर्त आप्पांनी काढला. सगळं घर मुरबाडला गेलं. कॉम्प्युटरला कुंकू लावलं, नारळ फोडला, तुला त्या खुर्चीवर बसवलं. चाकांची खुर्ची, ह्यांनी कल्याणहून आणलेली. माझ्या सबंध संसारात माझ्यासाठी ह्यांनी कल्याणहून एक कुकर आणला होता, तोही शिट्टी न वाजणारा. असो. त्या दिवसापासून कॉम्प्युटरची पावती निघाल्याशिवाय खाद्याचं एक पोतं बाहेर जायचं नाही, असं ठरलं होतं. आणि पहिली पावती निघायच्या आत लाईट गेली.

त्या काळी लोडशेडिंग म्हणजे कधी येईल त्याचा भरवसा नाही. इन्व्हर्टर आणलेला होता, पण नुसताच आणून ठेवलेला, चार्ज करायचं कोणाला सुचलं नव्हतं. बाहेर टेम्पो भरून उभा. टोकावड्याहून फोनवर फोन. सकाळीच दाणा संपलाय, पक्षी रिकाम्या भांड्यांत चोची आपटतायत, एकमेकांना टोचायला लागलेत. खरं सांगू? मला आतून गुदगुल्या होत होत्या. पण पक्षी उपाशी राहिलेले मला बघवत नाहीत, तेही खरं. मी पुढे झाले आणि म्हणाले, "जाऊ दे टेम्पो. पावती मागनं कर."

तू उठलीस. चेहरा पांढरा पडला होता तुझा. "नाय ताई. आज येकदा बिनपावतीचं गेलं, की उद्यापासून कोनी हिला इचारनार नाय."

"अगो, पक्षी मरतील!"

"नाय मरनार. दुपारपर्यंत कळ काढतील. पन आज सोडलं तं ही शिष्टीम आजच मेली."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. ह्यांनी तर टेम्पोवाल्याला हाताने खूणही केली होती, निघ म्हणून. मी आप्पांकडे बघितलंसुद्धा नाही. इतकी मला खात्री होती. आप्पांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "धाकटी म्हंते तसं करा."

दुपार कलल्यावर लाईट आली. पहिली पावती कर्रकर्र करत निघाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पक्षी मेले नाहीत. तू म्हणालीस तसंच झालं. मी घरी येऊन सबंध घागरभर पाणी ओतलं अंगावर, तरी डोकं निवेना. तू चुकली असतीस तर मी तुला पोटाशी धरलं असतं, मनीषा. तुझी बाजू घेऊन मी आप्पांशी भांडले असते. तू चुकलीच नाहीस, मग मी काय करणार होते?

त्यानंतर तू रोज सकाळी ह्यांच्याबरोबर जीपमधून मुरबाडला जायला लागलीस आणि दुपारी मी एकटी वाल सोलायला लागले. मी तुझ्यावर जळायची तशी त्या मशिनीवरही जळायची. तिने माझी जागा घेतली होती आणि माझी मैत्रीणही नेली होती. घरी आलीस तरी जेवताना तेच. ह्यांचं आणि भावोजींचं तुझ्याशी बोलणं संपायचं नाही. स्टॉक, लॉट, मरतूक. ह्यांनी माझ्याशी इतकी वाक्यं एका बैठकीत कधी बोललेली मला आठवत नाहीत. ऑफिसच्या माणसांसमोर तू मला पुन्हा "तुमी" म्हणायला लागलीस. लोकांना वाटायचं, किती मान देते जावेला.

एक दिवस मात्र मला तुझी भीती वाटली. मी सकाळी आपल्या वरच्या शेडमधून फेरी मारून आले होते. पक्षी बरे होते, मला तरी बरे दिसले. दुपारी तुझा फोन. "ताई, वरच्या शेडमदी दोन दिवस दाना कमी जातोय. पान्याची टाकी बघायला सांग." मी म्हणाले, "मी आत्ताच बघून आले, काय नाय झालेलं." तू म्हणालीस, "तरी पन बघ." टाकीत झाकण सरकून घूस पडून मेली होती. पाण्याला वास येत होता, पक्षी पीत नव्हते म्हणून खात नव्हते. आणखी एक दिवस गेला असता तर अख्खा लॉट गेला असता. माझ्या डोळ्यांसमोर होतं ते मला दिसलं नाही, आणि तुला घाटाकडे पाठ करून मुरबाडच्या खोलीत बसून दिसलं. शेडवरच्या बायांनी तुला देवच केलं. मीही टाकी घासून घेतली, स्वतः उभी राहून. आणि घासून घेताना प्रथमच वाटलं, की ही जे शिकली आहे ते आपण शिकायला पाहिजे.

तू विचारलं होतंस मला. एका रविवारी, केस विंचरता विंचरता. "ताई, ये ना, तुला शिकवते. फार सोप्पं हाये गो."

तुला ते "फार सोप्पं" म्हणायची काही गरज नव्हती. मी म्हणाले, "मला कामं आहेत." तू "बरं" म्हणालीस आणि वेणी घालायला लागलीस.

दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं तुला? पाहुण्याला आपण पोळी दोनदा विचारतो. तो नको नको म्हणाला तरी ताटात टाकतो. तुला हे माहीत नव्हतं? मी त्यानंतर कित्येक रविवार तुझ्या आसपास घोटाळले. तू एकदाच विचारलंस. हे भांडण आपलं राहूनच गेलं.

मग तुझी गाठ निघाली, आणि सगळी भांडणं मागे पडली असं लोकांना वाटलं. मुंबईच्या हॉस्पिटलात तुझ्याजवळ कोण राहणार असा प्रश्न निघाला, तेव्हा तुझी सख्खी बहीण पिशवी भरून तयार होती. तू म्हणालीस, "ताई येईल." तुझ्या बहिणीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तू इतकी आजारी, आणि मी जिंकल्यासारखी जीपमध्ये बसले.

तिथे मी पेज करून द्यायची, तू दोन घोट घ्यायचीस आणि वाटी सरकवायचीस. पण शहापूरच्या ऑफिसातल्या कविताचा फोन आला की तुझ्या अंगात जीव यायचा. तीच कविता, दोन मुलांची आई, जिला तू हाताला धरून सिस्टिम शिकवलीस. हिला किती वेळा विचारलं असशील? उशीला टेकून तू तिला सांगायचीस, आधी हे उघड, मग ते भर, घाबरू नको, मी आहे. आणि मी पेजेची वाटी धुऊन आणायची.

त्या दुपारी वॉर्डात शांत होतं. तुझे पाय मी मांडीवर घेऊन बसले होते. पाय थंड होते तुझे. मला वाटलं, आता नाही विचारलं तर राहून जाईल.

"मनीषा, मला नुसतं बघायला का ठेवलंस गो?"

तू डोळे मिटलेलेच ठेवलेस. मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "तू मागं उभी होतीस ते मला म्हायत होतं."

मी तुझे पाय चोळत राहिले.

"देसाई म्हनले होते, थोरल्या बाईंना सगळे अधिकार देऊ, त्यांना सगळं म्हायत हाये. मीच नको म्हटलं."

"का?"

"तू आत आली असतीस तं मला कोनी इचारलं असतं? आल्या दिवसापासनं बघते, आप्पा तुला इचारतान, गडी तुला इचारतान. माझं पोर शाळेतनं आलं की दप्तर माझ्या अंगावर टाकतं आन हाक मोठ्या आईला मारतं. ताई, मला येक जागा पायजे होती, जिथं तू नाय."

मनीषा, मला आनंद झाला. तुझे थंड पाय माझ्या मांडीवर होते, डॉक्टरांनी सकाळीच आशा नाही असं सांगितलं होतं, आणि मला आतून असा आनंद झाला, की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी तुझ्या पायांवर चादर ओढण्याचं निमित्त केलं. तू माझ्यावर जळत होतीस. तू! इतकी वर्षं, मी तुझ्यावर जळत होते तेव्हा, तूही. इतका मान मला या घरात कोणी दिला नव्हता.

तू एक डोळा उघडून बघितलंस आणि म्हणालीस, "हसतेस काय?"

"मी कुठं हसते?"

"ताई, तू हसतेस."

मग दोघी हसलो. तुला खोकला आला, मी पाणी पाजलं. आता दुसरं विचारणार होते, एकदाच का विचारलंस म्हणून. तोंड उघडलं, आणि फोन वाजला. कविता. एका शेडचं खाद्य दुसऱ्या शेडच्या नावावर पडलं होतं, तिला निस्तरता येईना. तू फोन घेतलास. मी समोर बसून राहिले. तुझं बोलणं संपेपर्यंत भेटायची वेळ झाली, भावोजी आले, पोराला घेऊन आले. संध्याकाळी तुला ताप चढला. त्यानंतर आपण दोघीच अशा पुन्हा बसलोच नाही. आपली शेवटची मोकळी दुपार त्या मशिनीने नेली. तिला मी कधी माफ करीन असं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात देसाई मुरबाडला आले. तुझं नाव सिस्टिममधून काढायला. मी गेले होते ह्यांच्याबरोबर, उगाच. देसाई पुष्कळ वेळ खटपट करत होते, मग चष्मा काढून म्हणाले, "नाव काढता येत नाही. त्यांच्या नावावर एवढ्या नोंदी आहेत, सिस्टिम काढू देत नाही. फक्त बंद करता येतं." त्यांनी जुनी पावती उघडून दाखवली. खाली तुझं नाव. दुसरी उघडली. तुझं नाव. जिथे हात घालावा तिथे तू.

मी बघत राहिले. तू यायच्या आधी मी किती वर्षं तोंडी कारभार केला! किती पोती, किती पिल्लं, किती माणसं दारात उभी राहून विचारून गेली. त्यातलं एक वाक्य कुठे उरलेलं नाही. आणि तुझं नाव तू मेल्यावरही निघत नाही. खूप जळले मी तेव्हा, मनीषा, तिथल्या तिथे. आणि जळता जळता तुझं नाव पडद्यावर बोटाने पुसल्यासारखं केलं. काचेवरची धूळ होती थोडी.

घरी आल्यावर आप्पांनी विषय काढला. "आता कोन बसल तिथं?" हे म्हणाले, कल्याणहून कोणीतरी शिकलेला माणूस आणू. भावोजी हल्ली बोलतच नाहीत. मी म्हणाले, "मी बसते."

हे हसले. "तुला जमल?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. म्हातारे झालेत आता, डोळ्यांतून पाणी गळतं त्यांच्या, त्यामुळे काय मनात आहे ते कळत नाही. म्हणाले, "गाडी सकाळी लवकर निघते. डबा आदल्या दिशीच बघून ठेव."

कविता मला शिकवायला शहापूरहून मुरबाडला येते. चांगली आहे बाई. पण दर थोड्या वेळाने म्हणते, "मनीषाताई असं नाय करायच्या." पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी मनीषाताई नाय." तिचे डोळे भरून आले. तुझ्यासाठी तिचे डोळे इतक्या सहज भरतात याचाही मला राग आला. मग तिला डब्यातली सुकटीची चटणी दिली आणि दोघी जेवलो.

काल मी टोकावड्याला खाद्य पाठवायची पहिली नोंद केली. एक शून्य जास्त पडलं. सिस्टिमने लाल अक्षरांत सांगितलं, एवढा साठा नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी चिडून कविताला म्हणाले, ही मशीन ऐकत का नाही? ती म्हणाली, "तसं मनीषाताईंनीच बसवून घेतलंय. आधी ती काही पन घ्यायची. ताईंनी देसाईंच्या मागं लागून ते करून घेतलं." मी शून्य खोडलं. पावती निघाली. खाली माझं नाव होतं, माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. ती पावती मी टेम्पोवाल्याला लगेच दिली नाही. जरा वेळ हातात धरून बसले. तो बिचारा हॉर्न वाजवत होता.

हे काम तू केलंस ते फार चांगलं केलंस, मनीषा. आता आत बसून दिसतं. तुझ्या जिवंतपणी हे तुझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं असतं की नाही ते देव जाणे.

त्या नोंदीआधी कविताने मला पासवर्ड ठेवायला सांगितला होता. "काय पन ठेवा ताई, तुमच्या लक्षात राहील असं. कोनाला सांगू नका." आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिच्या पाठीवरून मला कळत होतं, तिला वाटतंय मी तुझंच नाव ठेवणार. घरात कोणालाही विचारलं तर ते हेच सांगतील. थोरली जाऊ, धाकटीचं नाव ठेवलं असेल, कसं प्रेम होतं दोघींचं.

नाही ठेवलं. माझं ठेवलं. हे पावतीवरचं नव्हे, माझे वडील मला लहानपणी घाटाखालच्या आमच्या घरी ज्या नावाने हाक मारायचे ते. कसलं वेडंवाकडं नाव! ते ह्यांना माहीत नाही, आप्पांना माहीत नाही, माझ्या मुलींनाही माहीत नाही. पिल्लं पडवीत होती ना, त्या दोन दिवसांत मी तुला सांगितलं होतं, आणि तू पोट धरून हसली होतीस, आणि मग आपण दोघीच असलो की हळूच त्याच नावाने हाक मारायचीस.

म्हणून ते इथे लिहीत नाही. सगळ्या जगात तुला एकटीलाच ते ओळखता आलं असतं.

"लक्षात राहील ना, ताई?" कविताने विचारलं.

"राहील," मी म्हणाले, "तू वळ आता."